कॉलरवरच्या दोन रेघा

भावोजींना शर्ट घ्यायचा म्हणजे ताईच्या कपाळावर आठ्या पडायच्या. माणूस सडपातळ, मान लांब, उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उतरलेला. दुकानात गेले की ते काउंटरवर कॉलरचा नंबर सांगत, "साडेपंधरा", आणि सात मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर येत. घालून बघणं नाही, आरसा नाही. त्यामुळे गळ्यात नीट बसलेल्या शर्टाच्या बाह्या पार बोटांवर यायच्या आणि पोटाशी कापडाचा तंबू व्हायचा. "शर्ट चाललाय, आत कुठेतरी हे आहेत," असं ताई म्हणायची.

ते नकाशे काढायच्या कचेरीत होते. रस्ते, नद्या, डोंगर आणि त्यांच्यावरची बारीक अक्षरं. चोवीस वर्षं खाली मान घालून हेच काम केल्यावर त्यांना तिथलं प्रमुखपद मिळालं. त्या कचेरीच्या मोठ्या जिन्यात आजवरच्या सगळ्या प्रमुखांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत. भावोजींचाही फोटो काढायचं ठरलं. पत्र आलं: पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद कोट, टाय.

"भिंतीवर कायमचे लटकणार आहेत," ताई मला म्हणाली, "निदान त्या दिवशी तरी अंगाला बसणारा शर्ट हवा. तू चल माझ्याबरोबर."

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. फ्रेम कानामागे कुठे टोचते, नाकावर कुठे रुतते, दोन बाहुल्यांमधलं अंतर किती मिलिमीटर, हे सगळं मोजायचं माझं काम. त्यामुळे मापाचा कुठलाही प्रश्न निघाला की ताईला माझी आठवण होते. ती स्वतः कोर्टात टायपिस्ट. समोरचा जे बोलला तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही तिची सवय घरातही सुटलेली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं बरंचसं मला तिच्या तोंडून कळलंय, आणि ती तिखटमीठ लावणारी बाई नाही.

भावोजी काही दुकानात यायला तयार नव्हते. म्हणून आम्ही त्यांचा रोजच्या वापरातला एक निळसर शर्ट मापाला घेतला आणि एका गल्लीतल्या जुन्या शिंप्याकडे गेलो. लांबट, अरुंद दुकान. दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, त्यात पुठ्ठे घातलेल्या कॉलरींच्या चळती, आणि शेवटी खिडकीखाली कापायचं टेबल. मास्तर सत्तरीच्या पुढचे होते. चष्मा एका बाजूला कललेला. माझे हात शिवशिवले.

त्यांनी शर्ट घेतला, उलटा केला आणि टेबलावर पसरला. टेपला हातही लावला नाही. आधी कॉलर चाचपली, मग काजं, मग कफ, मग बगलेची शिवण. आमच्याकडे न बघता ते बोलत होते, पण ते आम्हाला उद्देशून होतं.

"रेडिमेड घ्या नाहीतर शिवून घ्या, चार गोष्टी बघायच्या. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर संपली पाहिजे. गळ्याचं बटण लावल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत, तीन नकोत आणि एकच नको. बाही अंगठ्याच्या मुळाशी थांबली पाहिजे. आणि हात वर केला तर शर्टानं विजारीतून बाहेर येऊ नये. एवढं जमलं की माणूस शर्ट विसरतो. चांगला शर्ट म्हणजे विसरलेला शर्ट."

मग त्यांनी कॉलर खिडकीकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"बाई, हा शर्ट घरात कोण कोण घालतं?"

"हेच घालतात."

"दीर, भाऊ, मुलगा?"

"आम्ही दोघंच असतो घरात."

मास्तरांनी आम्हाला जवळ बोलावलं. कॉलरच्या आतल्या बाजूला, जिथे मान घासते, तिथे कापड झिजून एक फिकट रेघ उमटली होती. तिच्या वर, घडीच्या अगदी काठाला, आणखी एक रेघ होती.

"मळ धुतला की जातो, पण झीज जात नाही. ही खालची रेघ लांब मानेच्या माणसाची आहे. दोन वर्षं तरी घालतोय. ही वरची आखूड, जाड मानेच्या माणसाची. याला कॉलर घट्ट होते, हनुवटीखाली घासते. ही नवीन आहे, सात-आठ महिन्यांची." त्यांनी काजांवरून नख फिरवलं. "बटणं लावणारे हातसुद्धा दोन आहेत. एक उजवा, एक डावा. काज दोन्हीकडून ओढलं गेलंय. हा शर्ट दोन माणसं घालतात."

मी हसले. ताई हसली नाही.

"घरात दुसरा पुरुष नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी शर्ट सुलटा केला, घडी घातली आणि तिच्या हातात दिला. "मग माझी नजर गेली असेल. साहेबांना घेऊन या. माप माणसाचं घ्यावं, शर्टाचं घेऊ नये."

घरी जाताना मी शंभर शंका काढल्या. लाँड्रीवाला शर्ट दुसऱ्याला वापरायला देत असेल. पण कपडे ताई घरीच धुते, इस्त्रीही तीच करते. मग दोघं कामावर गेल्यावर कोणी घरात शिरत असेल. ताईने दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. आणि त्याच दिवसापासून तिने एक साधी गोष्ट सुरू केली. सकाळी भावोजी धुतलेला शर्ट घालत तेव्हा ती खोलीत असे, आणि संध्याकाळी ते शर्ट काढत तेव्हाही ती खोलीत असे. काढलेला शर्ट घेऊन ती मोरीत जाई, आणि साबण लावायच्या आधी कॉलरवरचा मळ बघे.

पंधरा दिवसांनी तिने मला फोन केला.

"नऊ दिवस खाली. सहा दिवस वर," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मळ. नऊ दिवस खालच्या रेघेवर, सहा दिवस वरच्या. माझ्यासमोर घातलेला शर्ट, माझ्यासमोर काढलेला. आणि सगळं आठवून बघितलं. हे त्या शिडीवरून पडले, त्यालाही आठच महिने झालेत."

ते मला माहीत होतं. नकाशे ठेवायच्या खोलीत छतापर्यंत मांडण्या आहेत. सर्वांत वरची गुंडाळी काढताना भावोजींचा पाय शिडीवरून निसटला. काही मिनिटं शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी सगळं तपासलं. हाड शाबूत, डोकं शाबूत. चौथ्या दिवशी ते कामावर गेले.

"तुला त्यांच्यात काही फरक दिसतो का?" मी विचारलं.

"तेच तर. मला वाटत होतं पडल्यापासून माणूस सुधारलाय."

भावोजी कसे होते हे सांगायला हवं. वाईट नव्हते, पण कोरडे होते. घरात आले की चपला, पेपर, चहा. एकोणीस वर्षांत त्यांनी ताईला कधी "दमलीस का" असं विचारलं नव्हतं. एकदा ती तापाने फणफणली होती, तेव्हा ते तीन दिवस रजा घेऊन तिच्या उशाशी बसले. एक शब्द बोलले नाहीत. दर तासाला ताप मोजला आणि आलेखाच्या कागदावर टिंब काढून रेघ जोडत गेले. खाली नकाशावर असतात तशी सुरेख अक्षरं: सकाळ, दुपार, संध्याकाळ. ताप उतरला त्या टिंबाभोवती त्यांनी लाल शाईने एक छोटं वर्तुळ काढलं होतं. तो कागद ताईने अजून ठेवलाय. त्यांचं प्रेम असं होतं, बघायला चष्मा लागायचा.

आणि वरच्या रेघेच्या दिवशी? त्या दिवशी ते गुणगुणत. कप डाव्या हातात धरत. "बस जरा, मी करतो," म्हणत. कोर्टात आज काय झालं ते विचारत आणि शेवटपर्यंत ऐकत. सांगताना ताईचा आवाज बारीक झाला होता. "मला आवडायचं गं. मी कधी विचारच केला नाही. नवरा चांगला वागला तर बायको कारण शोधत बसते का?"

पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. दार भावोजींनी उघडलं.

"या मेहुणीबाई! या आठवड्यात किती नाकं मोजलीत?"

मी खळखळून हसले आणि हसता हसताच गार पडले. भावोजींनी मला आजवर एकदाही कुठल्या नावाने हाक मारली नव्हती. ते मला "तुझी बहीण" म्हणायचे, तेही ताईशी बोलताना.

चेहरा तोच होता. कपाळावरचा व्रण तोच, डोक्यावरचे केस तेवढेच विरळ. मी कितीही निरखलं तरी मला बोट ठेवता येईना. तेव्हा मला माझी मोजपट्टी आठवली. माणूस जाड होतो, बारीक होतो, वाकतो. पण मोठ्या माणसाच्या दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर बदलत नाही. भावोजींचा चष्मा मीच केलेला. चौसष्ट मिलिमीटर. मला तोंडपाठ होतं.

"तुमच्या चष्म्याची काच बदलायला झाली," मी म्हटलं. "बसा, लगेच बघते."

"बघा की." ते मजेत खुर्चीवर बसले. मी समोर वाकले, पट्टी त्यांच्या नाकावर टेकवली, एक डोळा मिटला.

एकसष्ट.

पुन्हा मोजलं. एकसष्ट. हात बदलून मोजलं. ते मुकाट बसून माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत लबाडी नव्हती. उलट थोडी भीती होती, डॉक्टर काय सांगणार याची वाट बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तशी.

"किती आलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे तेवढंच," मी म्हणाले. खोटं बोलताना माझी पट्टी हातातून पडली. त्यांनी ती डाव्या हाताने उचलून दिली.

मंगळवारी संध्याकाळी मी काचा बसवायच्या निमित्ताने पुन्हा गेले. त्यांनी दार उघडलं, मान हलवली आणि आत जाऊन पेपर उघडला. मी मोजलं. चौसष्ट. त्यांनी पट्टी बाजूला सारून विचारलं, "रविवारी मोजलं नव्हतंस का?"

"तुम्हाला आठवतं?"

"न आठवायला काय झालं? वरणाऐवजी सूप होतं." आणि मग, जरा वेळाने, पेपरआडून: "आठवतं. पण लांबून आठवतं."

एवढंच. पुढे त्यांनी पान उलटलं.

गुरुवारी ताई त्यांना कशीबशी मास्तरांकडे घेऊन गेली. मीही गेले. भावोजी आरशाकडे पाठ करून उभे राहिले. मास्तरांनी गळा, छाती, खांदा, मुंढा, बाही असं सगळं घेतलं आणि खडूने एका पुठ्ठ्यावर आकडे लिहिले. गळा साडेपंधरा. भावोजींनी "झालं?" विचारलं आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

मास्तरांनी दार लोटून घेतलं.

"हे एक झाले," ते ताईला म्हणाले. "दुसऱ्यांचं काय?"

ताईने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. तिने खुर्चीचा हात धरला. "तुम्हाला काय माहीत आहे?"

"मला एवढंच माहीत आहे की पन्नास वर्षांत मी हे आधी एकदा पाहिलंय. तेव्हाही दोन रेघा होत्या. तेव्हा मी तरुण होतो, शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, दोघांच्या मधलं माप घेऊ, दोघांना चालेल. तसा शिवला. लग्नाचा शर्ट होता, दिवसभर अंगावर राहिला." त्यांनी खडू पुसून ठेवला. "तो माणूस नंतर दोघांपैकी कोणीच राहिला नाही. बायको समोर बसली की तिला विचारायचा, तुम्ही कोणाकडे आलात? शर्ट पहिल्यासारखा नाही, दुसऱ्यासारखा नाही. मग माणसानं तरी कसं राहायचं?"

"म्हणजे शर्ट ठरवतो?"

"मी शिंपी आहे, बाई, मला बाकीचं कळत नाही. अंगाला अगदी बरोबर बसणारा कपडा माणूस विसरतो आणि आपल्या जागी राहतो, एवढंच मी पाहिलंय. यांच्या अंगाला आजवर काहीच नीट बसलेलं नाही. ढगळ शर्टात दोघांना जागा होते. आता मी कापायला घेणार. तर कोणाच्या मापाचा कापू? सोमवारपर्यंत सांगा."

शनिवारी दुपारी ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. ते आत आले, गुणगुणत, आणि समोर बसले. आपल्याशी बोलायला आलेत हे तिला कळलं.

"त्याचं माप घेतलंत ना?" ते म्हणाले.

ताईने विचारलं, "तुम्ही कोण आहात?"

"मला नाही माहीत." ते हातांकडे बघत होते. "मी त्या खोलीत होतो. मांडण्यांच्या मागे. किती दिवस ते नाही सांगता येणार, पण पुष्कळ. तिथे कोणी बोलत नाही. नकाशे काढतात, ठेवतात, दिवा बंद करतात. मग तो पडला आणि जागा झाली."

"मग तुम्ही हे सगळं का करता? माझ्याशी बोलणं, चहा..."

"मला कोणाशी तरी बोलायचं होतं." ते एवढं साधेपणाने बोलले की ताईला रडू यायला लागलं. "माझंही माप घे ना. मला त्याचं सगळं घट्ट होतं. गळ्याशी लागतं. मी तुला त्रास देणार नाही. मी त्याच्यापेक्षा बरा आहे, तूच सांग, नाही का?"

ताईने मला फोनवर हे शब्दाला शब्द सांगितलं, कोर्टात उतरवून घेतल्यासारखं. मग म्हणाली, "आणि तो खोटं बोलत नव्हता. बराच आहे."

"मग?"

"तू काय केलं असतंस?"

मी काय केलं असतं ते मला माहीत होतं. मी एकटी राहते. कामावरून घरी आल्यावर कोणी कप पुढे करून "बस जरा" म्हटलं असतं, तर मी त्याच्या बाहुल्या मोजायला गेले नसते. मी तसं तिला सांगितलं.

ताई म्हणाली, "ह्याच्याशी बोलत बसलं की मला मध्येच आठवतं, आपला माणूस आत्ता कुठे आहे? हा इथे हसतोय, विचारतोय, आणि हे तेवढा वेळ कुठेतरी लांब उभे राहून बघताहेत. त्या दिवशी म्हणाले ना, लांबून आठवतं. एकोणीस वर्षं बोलले नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण त्यांना बाहेर उभं करून मी आत चहा पीत बसू?"

सोमवारी तिने मास्तरांना सांगितलं: साडेपंधरा.

फोटोच्या दिवशी सकाळी नऊला तिचा फोन आला. "लगेच ये. आज तो आहे."

मी धावतच गेले. ते झोपायच्या खोलीत स्टुलावर बसले होते, बनियनवर. समोर हँगरला पांढरा शर्ट. मास्तरांनी सुरेख शिवला होता. नुसता टांगलेला असतानासुद्धा आत कोणी उभं असल्यासारखा दिसत होता. ते त्याच्याकडे बघत होते.

"माझा आहे?" त्यांनी विचारलं.

ताई खोटं बोलली असती तर चाललं असतं. "नाही," ती म्हणाली. "ह्यांचा आहे."

मला वाटलं आता उठतील, ढकलतील, ओरडतील. मी दारात उभी राहिले होते, का ते मलाही कळत नव्हतं. पण त्यांनी फक्त विचारलं, "तू घालून देशील?"

"देईन."

"मग चालेल." आणि त्यांनी स्वतःच दोन्ही हात मागे केले, लहान मुलं करतात तसे.

ताईने बाह्या चढवल्या. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर येईना, आतच राहिली. छातीवर कापड ताणलं. तिने खालून सुरुवात केली. एक, दोन, तीन. प्रत्येक बटण काजात घालायला तिला दोन्ही अंगठ्यांचा जोर लावावा लागत होता. ते तिच्या कपाळाकडे बघत उभे होते. चार, पाच. आता गुणगुणणं थांबलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं, खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, आणि मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटत होतं.

गळ्याचं बटण राहिलं. कॉलरची दोन टोकं एकमेकांपासून बोटभर लांब राहिली होती. तिने ओढली. कातडी लाल झाली, वर वळली.

"लागतंय," ते म्हणाले.

"थोडाच वेळ."

"मला परत तिथे नाही जायचं." अगदी हळू. "तिथे अंधार नसतो गं. नुसतं कोणी नसतं."

ताईचे हात थांबले. मला वाटलं ती सोडून देणार. मलाच ओरडावंसं वाटलं, सोड, राहू दे त्यांना. तिने डोळे मिटले आणि बटण काजातून आरपार ढकललं.

काही झालं नाही. आवाज नाही, वारा नाही. फक्त ताईच्या बोटांखालचं कापड सैल पडलं. छातीवरचा ताण गेला, शिवण सरकून खांद्याच्या टोकावर येऊन बसली. ताईने दोन बोटं कॉलरमध्ये घातली. ती आरामात गेली.

"एवढं काय चाचपतेस?" भावोजी म्हणाले. "उशीर होतोय. टाय कुठाय?"

त्यांनी उजव्या हाताने टाय घेतला. मी आणि ताईने एकमेकींकडे बघितलंही नाही. त्या सकाळी आमच्यापैकी कोणाच्याही डोळ्यांतून टिपूस निघालं नाही, हे मला पक्कं आठवतंय. नंतर मी गुपचूप मोजलं. चौसष्ट. त्यानंतर दर महिन्याला मोजत आले, चौसष्टच.

फोटो छान आला. मास्तरांना ताईने हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "बाही अंगठ्याच्या मुळाशीच थांबली ना?" आणि भावोजींच्या बाकीच्या सगळ्या शर्टांची मापं कमी करून दिली.

घर पूर्वीसारखं झालं. चपला, पेपर, चहा. ताई तक्रार करत नसे. फक्त कधी कधी बोलता बोलता मध्येच थांबे, कोणी पुढचं विचारील म्हणून वाट बघितल्यासारखी, आणि मग उठून कामाला लागे.

तीनेक महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी भावोजींनी पेपर खाली ठेवला.

"तुला विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "फोटोच्या दिवशी तू मला शर्ट घालून देत होतीस, तेव्हा खोलीत कोण रडत होतं?"

ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "कोणीच नाही."

"होतं. मला लांबून येताना ऐकू येत होतं. मी त्या आवाजाच्या दिशेनेच आलो." ते विचार करत राहिले. "माझ्या अगदी जवळून गेलं कोणीतरी. पुरुषमाणूस होता. मी त्याला वाट दिली."

त्या दिवशी ताई बॅग भरून माझ्याकडे आली. भांडण नव्हतं. "चार दिवस राहू दे," एवढंच म्हणाली. मी कामावर जायचे तेव्हा ती पांघरुणात असायची, परत यायचे तेव्हाही तिथेच. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मी बरोबर केलं. मला माहीत आहे मी बरोबर केलं. पण त्याने हात मागे केले होते गं, स्वतःहून." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी दार वाजलं. भावोजी. माझं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, दोन बस बदलाव्या लागतात, आणि इतक्या वर्षांत ते एकटे कधी आले नव्हते. हातात कागद होता. पत्ता विचारत फिरावं लागू नये म्हणून त्यांनी माझ्या गल्लीचा नकाशा काढून आणला होता, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसकट.

"घरात चहाचं पातेलं सापडत नाही," ते म्हणाले.

ताई आतून बघत होती. "ओट्याखाली, उजवीकडे."

"तिथे बघितलं. नाही." ते उभेच राहिले. मग घसा खाकरला. "म्हणजे... नीट बघितलं नसेल."

ताई उठली, तोंड धुतलं, बॅग भरली. ते तोवर दारातच उभे होते, आत या म्हटलं तरी आले नाहीत. तिने चपला घातल्या तेव्हा त्यांनी बॅग उचलली. मी गॅलरीत जाऊन खाली बघत राहिले. दोघं बोलत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी बस येताना दिसली, तशी ती जरा धावली, आणि ते तिच्या मागे लांब टांगा टाकत निघाले.